भिंतीवरची टिकली

"तू एवढ्या चकरा घ्यायचीस, तुला कधी असं झालं नाही काय गं?" आईनं हे विचारलं तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले असतील. आषाढ नुकताच लागला होता, बेळगावच्या वडगावातल्या आमच्या जुन्या घराच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मागच्या गल्लीत कुणाचा तरी माग इतक्या लवकर सुरू झाला होता. दहा मिनिटांपूर्वी तिच्या ओरडण्यानं मला जाग आली होती. "धर मला, घर फिरूलालंय!" मी दिवा लावला तर ती उजव्या कुशीवर अर्धवट वळलेली, दोन्ही हातांनी पलंगाची लाकडी कड घट्ट धरलेली. बोटांची पेरं पांढरी पडली होती. पलंग जागेवर होता, कोनाड्यातला तांब्या जागेवर होता, आणि ती मात्र पुरात सापडल्यासारखी त्या लाकडाला बिलगून होती. मी तिचं डोकं छातीशी धरलं. मिनिटभरात सगळं ओसरलं. घाम राहिला आणि तोंडाला सुटलेलं पाणी राहिलं. मग ती उशीला टेकून बसली, लिंबाची फोड चोखली आणि तिनं हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "सवय असते गं." ती मान डोलवायला गेली आणि भीतीनं मध्येच थांबली.

ते "सवय" मला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं.

चौदा वर्षं मी कथक शिकले. मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारदपर्यंत पोचले. त्या चौदा वर्षांत किती चकरा घेतल्या असतील याचा हिशेब नाही. आणि तरी आईच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर म्हणून एक शब्द होता, जो उत्तर नव्हता. मराठीत चक्कर येते आणि चक्कर घेताही येते. शब्द एकच. घ्यायची ती आपण घेतो, तालात, मोजून, समेवर आणून ठेवतो. येते ती ताप येतो, रडू येतं, तशी आपल्यावर येते. आईकडं तर याचे किती प्रकार आहेत. उपाशीपोटी उन्हात उभं राहिलं की घेरी, झटकन उठलं की अंधारी, भोवळ आली म्हणजे माणूस पडलाच. त्या पहाटे जे झालं त्याला यातलं एकही नाव तिनं दिलं नाही. ती म्हणाली, फिरणं.

दवाखान्यात हा फरक कामाला आला. नर्सबाईनं नेहमीच्या सवयीनं कन्नडमध्ये विचारलं, "तलि तिरगतैतेन्री अज्जी?" डोकं फिरतंय का. आईचं माहेर यळ्ळूर, तिची कन्नड बाजारापुरती, पण तिनं ठामपणे दुरुस्ती केली, "तलि अल्ल. मनि तिरगतैति." डोकं नव्हे, घर फिरतंय. आत बसलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग आईला टेबलावर बसवून त्यांनी तिची मान अर्धी उजवीकडं वळवली आणि तशीच धरून तिला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेच्या किंचित खाली येईल असं. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग तिनं माझा हात आवळला. तिची बुबुळं थरथरायला लागली, कलती होऊन एका बाजूला सरकायची आणि झटक्यानं परत यायची, पुन्हा सरकायची. डॉक्टर मला जवळ बोलावून म्हणाले, "बघा, डोळे नाचतायत." त्यांनी ते सहज म्हटलं. मला मात्र तो शब्द ऐकवेना. आईच्या चेहऱ्यावर इतकी भीती आणि त्या भीतीच्या मधोमध तो नाच.

कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाच्या शेजारी, तीन अर्धगोल नळ्या असतात. तिन्हींची तोंडं तीन दिशांना, म्हणजे मान कशीही हलली तरी एकीला तरी कळतं. नळ्यांत पातळ द्रव असतो. त्यांच्याच बुडाशी दोन छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. शिंपल्यात असतं तेच द्रव्य. आपण कलंडलो, खाली-वर झालो की ते खडे सरकतात आणि शरीराला खाली कुठं आहे ते समजतं. वय झालं की कधीकधी त्यातले थोडे खडे सुटतात आणि भलत्या नळीत जाऊन पडतात. मग कूस बदलली, फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की ते घरंगळतात, द्रव ढवळतो आणि कान ओरडून सांगतो की आपण फिरतोय. अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरांनी यावर उपाय काढला, १९९२ साली त्यावरचा त्यांचा निबंध छापून आला. औषध नाही, सुई नाही. डोकं एका ठराविक क्रमानं वळवत न्यायचं, की खडे नळीतून फिरून आपल्या पिशवीत परत पडतात. डॉक्टरांनी आईचं डोकं उजवीकडून डावीकडं वळवलं, थांबले. तिला डाव्या कुशीवर घेऊन तोंड जमिनीकडं केलं, थांबले. मग हळूच उठवून बसवलं. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट. मी भिंतीला टेकून बघत होते. जागा, ठहराव, पुढची जागा. आमच्या कथकच्या बाई याला बंदिश म्हणाल्या असत्या.

त्या खोलीत मला आणखी एक गोष्ट आठवली. लहानपणी कान दुखला की आई तेल कोमट करून घालायची आणि आधी मनगटावर थेंब टाकून बघायची. गार तेल घालू नये, पोर भोवंडतं, असं ती म्हणायची. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना हेच दिसलं होतं, कान धुताना पाणी गार असलं की रुग्णाला गरगरतं आणि डोळे थरथरतात, पाणी जास्त गरम असलं तर डोळे उलट्या दिशेनं थरथरतात. त्यावरून त्यांनी आतला तोल तपासायची रीतच बसवली. १९१४ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते. मनगटावर तेलाचा थेंब टाकणाऱ्या किती आयांना यातला अर्धा भाग ठाऊक होता, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या बाईंचा क्लास टिळकवाडीत एका जुन्या घराच्या माडीवर होता. शहाबादी फरशी, हिवाळ्यात पायांना चावायची. चकरा शिकवायला लागल्या तेव्हा बाईंनी प्रत्येकीसाठी खडूनं वीतभर वर्तुळ काढलं. डावी टाच या वर्तुळात राहिली पाहिजे, बाहेर गेली तर पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एकेकीला भिंतीसमोर उभं केलं आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला एक टिकली लावली. खाली पेन्सिलीनं नाव. मी नऊ वर्षांची होते. "हिच्याकडं बघायचं. अंग वळलं तरी बघत राहायचं. अगदीच जमेना झालं की डोकं सोडायचं, आणि अंगाच्या आधी हिच्याकडं पोचवायचं. डोकं शेवटी निघतं, पहिलं पोचतं." वर्षं गेली तशी ती भिंत टिकल्यांनी भरली. आम्ही वाढलो की बाई नवी टिकली वर लावायच्या, जुनी काढायच्या नाहीत. माझ्या नावाच्या सहा होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक. सगळ्यांत खालच्या दोन उन्हानं गुलाबी पडल्या होत्या.

का बघायचं, ते बाईंनी कधी सांगितलं नाही. त्यांना त्यांच्या गुरूंनीही सांगितलं नसणार. ते मला पुढं स्वयंपाकघरात कळलं. कुंद्यासाठी दूध आटवायला ठेवलं की सुरुवातीला ते पातळ असतं. झारा गोल फिरवून थांबवला तरी दूध काही वेळ फिरतच राहतं. कानातल्या द्रवाचं तसंच आहे. आपण फिरायला लागलो की तो आधी मागं राहतो, मग आपला वेग पकडतो, आणि आपण थांबलो की तो थांबत नाही. त्याच्या वाटेत एक मऊ पडदा असतो, तो उलट्या बाजूला वाकतो, आणि मेंदूला निरोप जातो की आता आपण उलटं फिरतोय. डोळे त्या निरोपावर विश्वास ठेवून सरकायला लागतात आणि खोली गरगरते. टिकलीवर नजर खिळवली की डोकं सलग फिरत नाही. थांबतं, झटक्यात वळतं, पुन्हा थांबतं. द्रवाला वेग पकडायला सवड मिळत नाही आणि डोळ्यांना दर फेरीला एक जागा मिळते जी कालच्या जागीच आहे. एवढं कळल्यावर मला वाटलं, चला, सवयीचा अर्थ लागला. टिकली म्हणजे सवय.

तो अर्थ पुरा नव्हता. हे मला १९९६ सालच्या डिसेंबरमधल्या एका रात्रीमुळं आधीपासून माहीत होतं, फक्त मी त्या रात्रीचा विचार करायचं टाळत आले होते.

एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात माझं नृत्य होतं. मी सतरा वर्षांची. शेवटी चक्रदार तिहाई, म्हणजे तीच रचना तीनदा घेऊन समेवर यायचं, नऊ नऊ नऊ अशा सत्तावीस चकरा. भिंत नसली तरी टिकलीची जागा मी ठरवली होती, सभागृहाच्या मागच्या दारावरचा लाल दिवा. अठरा झाल्या आणि लाईट गेली. त्या काळात लाईट जाणं काही नवीन नव्हतं. लाल दिवासुद्धा गेला. इतका दाट अंधार की माझा हात मला दिसत नव्हता. तबला थांबला नाही. तबलजींना दिव्याची काय गरज, आणि ते थांबले नाहीत म्हणून मीही थांबले नाही. घुंगरांचा आवाज, टाचेखाली लाकडाची ऊब, आणि डोकं मी तसंच झटकत होते, समोर काहीही नसताना, जिथं दिवा असायला हवा तिथं. नऊ चकरा घेतल्या, समेवर धा आला, मी हात उचलून उभी राहिले. गरगरलं नाही. खरोखर काहीच झालं नाही. इतकी शांत मी त्याआधी कधी उभी नव्हते. मग जनरेटर सुरू झाला, दिवे आले, आणि माझ्या समोर प्रेक्षक नव्हते. माझ्या समोर मागचा निळा पडदा होता आणि त्याच्या कडेला बसलेल्या हार्मोनियमवाल्या काकांचा चकित चेहरा. मी पूर्ण पाठमोरी उभी होते. पाठीमागून टाळ्या आल्या, खूप आल्या. त्या टाळ्यांत मी वळून नमस्कार केला. बाई नंतर एवढंच म्हणाल्या, "पडली नाहीस ना? झालं तर." पण मला त्या रात्री झोप लागली नाही. अंधारात मी कुणीकडं तोंड करून उभी आहे, हे मला सांगणारं माझ्या आत कुणीच नव्हतं, आणि त्याची मला साधी शंकासुद्धा आली नव्हती.

आईच्या दुखण्याच्या निमित्तानं वाचायला लागले तेव्हा त्या रात्रीचं उत्तर सापडलं, किंवा निदान तिच्या जवळ जाणारं काहीतरी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यांनी २९ बॅले नर्तकी घेतल्या आणि त्यांच्यासारख्याच वयाच्या, तितक्याच तंदुरुस्त अशा होडी वल्हवणाऱ्या २० जणी. एकेकीला अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून फिरवलं आणि खुर्ची थांबवली. अजून फिरल्यासारखं वाटतंय तोवर, वाटतंय त्या वेगानं, हातातली मूठ फिरवत राहायची. शिवाय डोळ्यांची थरथरही मोजली. वल्हवणाऱ्या मुलींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालल्या, डोळे जितका वेळ थरथरले साधारण तितकाच वेळ त्यांना फिरल्यासारखं वाटलं. नर्तकींच्या बाबतीत वाटणं लवकर संपलं, आणि डोळे व वाटणं यांची ती गाठच सुटलेली होती. मग मेंदूची छायाचित्रं काढली. कानाकडून आलेले तोलाचे निरोप लहान मेंदूच्या ज्या भागात येतात, तो भाग नर्तकींमध्ये मोठा निघाला असेल असं मी गृहीत धरून वाचत होते. तो लहान होता. मी ती ओळ दोनदा वाचली. अंधाऱ्या खोलीत टिकली नव्हती, लाल दिवाही नव्हता, तरी त्यांना कमी गरगरलं. म्हणजे टिकली हा शिकण्याचा रस्ता असेल, पण शिकून जे झालं ते तिच्यापलीकडचं होतं. मेंदूनं कानाचं ऐकणं कमी केलं होतं.

त्या नर्तकी बॅलेच्या होत्या, पायाच्या बोटांवर फिरणाऱ्या. आम्ही टाचेवर फिरतो. पण त्या डिसेंबरच्या अंधारातली माझी शांतता मला त्या ओळीत दिसली. मी तिला तोल समजत होते. तोल सांभाळायला तीन साक्षीदार असतात, डोळे, कान आणि तळपाय-सांधे-स्नायू. त्या रात्री डोळे गेले होते, कानाला मी आठ वर्षं गप्प बसायला शिकवलं होतं, आणि उरलेली टाच मला पडू देत नव्हती, पण समोर काय आहे ते टाचेला कुठून कळणार?

आमच्या भागात वाढलेल्या माणसाला न ऐकणं काय असतं ते वेगळं शिकवावं लागत नाही. बसच्या पाटीवरची कन्नड अक्षरं मी वाचायला शिकण्याआधी आकारावरून ओळखायची, वडगावची बस म्हणजे असं असं गोल. खडेबाजारात एका दुकानाच्या दारात उभं राहिलं तर आत मराठी, बाहेर कन्नड, वर कुणीतरी फोनवर उर्दूत बोलत असतं, आणि आपल्या कानात फक्त आपल्या कामाचं वाक्य शिरतं. बाकीचं ऐकू येत नाही असं नाही, ते पोचतं, आणि कुणीतरी आत बसून त्याला बाजूला ठेवतं. पुण्याहून आलेली माझी नणंद अर्ध्या तासात थकते, म्हणते, किती आवाज गं इथं. मला वाटतं माझ्या आतला तो बाजूला ठेवणारा फार लवकर कामाला लागला. कधीकधी त्यानं काय काय बाजूला ठेवलं असेल या विचारानं वाईटही वाटतं. शेजारच्या काकूंची कन्नड अंगाई मी पंधरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकली असणार, आणि मला तिची एक ओळ येत नाही.

आणि ही शिकवण किती अरुंद असते तेही मला ठाऊक आहे. मध्यमाची परीक्षा झाल्यावर आम्ही पाच मुली एका स्पर्धेसाठी पणजीला निघालो होतो. चोर्ल्याच्या घाटात मी मांडीवर वही घेऊन बोल लिहीत होते, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मला उलट्या सुरू झाल्या त्या घाट उतरेपर्यंत. आईनं विचारलेला प्रश्न तेव्हा एका मैत्रिणीनंही विचारला होता, तू एवढ्या चकरा घेतेस आणि बस लागते? डोळे वहीवर होते, ते म्हणत होते सगळं स्थिर आहे. कान म्हणत होता वळतोय. त्या भांडणात माझी वर्षांची तालीम काही कामाला आली नाही, कारण वळणं ड्रायव्हरची होती, माझी नव्हती. डाव्या टाचेवर डावीकडं घेतलेली, मी ठरवलेली, मी मोजलेली चक्कर, तेवढ्यापुरताच माझा कान गप्प बसायला शिकला होता. बाई अधूनमधून उलट्या चकरा घ्यायला लावायच्या तेव्हाही पाचव्या चकरेला मला खांब धरावा लागायचा.

आईला बरं वाटायला लागल्यावर एका संध्याकाळी मी गच्चीवर गेले. पाऊस उघडला होता, गच्चीवर बुळबुळीत शेवाळ, त्यातल्या त्यात कोरडी जागा बघून उभी राहिले. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत नाच सुटला तो सुटला, घुंगरू अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, दोरी कुजली असेल. समोर यळ्ळूरच्या गडाची टेकडी, तिच्यावर नजर ठेवली आणि पाच चकरा घेतल्या. जमल्या. नऊ घेतल्या. थांबले आणि टेकडी थांबली नाही. ती एका बाजूला घसरत राहिली, तिच्याबरोबर ढग, टाकी, दोरीवरचे कपडे. मी टाकीच्या कठड्याला धरलं आणि माझ्याच बोटांकडं लक्ष गेलं, पेरं पांढरी पडली होती. पोटात कालवलं. रडू आलं, आणि ते कशाचं होतं हे मला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं. चौदा वर्षांनी जे शरीरात घातलं ते निघून गेलं होतं, याचं दुःख होतंच. पण त्याबरोबर दुसरंही काही होतं. इतकी वर्षं गप्प बसवलेला कुणीतरी आत परत बोलायला लागला होता. अंधारात पडद्याकडं तोंड करून उभी राहिलेली ती मुलगी मला फार एकटी वाटली.

खाली आले तर आई भिंतीला धरून मोरीकडं चालली होती, मान ताठ, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. खडे जागेवर गेले होते, डॉक्टरांनी पुन्हा तपासून तसं सांगितलं होतं, पण भीती गेली नव्हती. कूस बदलत नव्हती, फळीकडं बघत नव्हती, देवळात जाणं बंद. व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या, त्या म्हणाल्या, मान अशी धरून ठेवली तर मेंदू शिकणार कसा, त्याला थोडं फिरवून दाखवावं लागतं. त्यांनी सांगितलेला पहिलाच व्यायाम ऐकून मी गप्पच झाले. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक ठिपका लावायचा, त्याच्यावर नजर ठेवायची आणि डोकं डावीकडं-उजवीकडं हलवायचं. ठिपका हलला नाही पाहिजे. आधी हळू, मग जोरात. मी आईच्या आरशावरची टिकली काढली आणि कालनिर्णय व बटणांच्या मधे भिंतीला लावली. आई खुर्चीत बसली, बघितलं, डोकं हलवलं आणि लगेच डोळे मिटले. "हालूलालीय ती."

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी पंचमी होती. गल्लीतल्या मुलींनी झोका बांधला होता, त्यांची ओरड घरात येत होती. आई एकदम फुगडीबद्दल बोलायला लागली. यळ्ळूरात देवळापुढच्या अंगणात पंचमीला रात्र रात्र फुगड्या चालायच्या, दंडफुगडी, बसफुगडी. माहेरवाशिणी आलेल्या असायच्या. जोडीदारणीचे हात फुलीसारखे धरायचे, पाय जुळवायचे, अंग मागं झोकून द्यायचं आणि पकवा घालत फिरायचं. आई आणि तिची चुलतबहीण, या जोडीला कुणी हरवू शकत नसे. "तुला गरगरायचं नाही?" हा प्रश्न आता मी विचारला. "सोडल्यावर गरगरायचं की. दोघी भिंतीला जाऊन आदळायच्या. खरं फिरताना नाही. फिरताना समोरचीच्या कुंकवाकडं बघायचं असतंय. सगळं गाव फिरतंय, कुंकू फिरत नाही."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. नऊ वर्षांची असताना मी घरी येऊन टिकलीची गोष्ट सांगितली असणार, आणि तिनं स्वयंपाक करता करता ऐकली असणार. फुगडीत दोघी एकत्र फिरतात म्हणून कुंकू स्थिर दिसतं, माझी टिकली भिंतीवर होती आणि फिरणारी मी एकटी, हा फरक मी तिला सांगायला गेले. तिनं ऐकून घेतलं आणि खुर्ची भिंतीकडून माझ्याकडं वळवली.

"भिंत काय बोलत नाही. तूच बस समोर."

मी टिकली लावत नाही, बरीच वर्षं नाही. तिनं उठून, भिंतीला एक हात धरून, कालनिर्णयाशेजारची टिकली नखानं काढली, तिच्यावर जरा चुना चिकटला होता तो पुसला, आणि माझ्या कपाळावर दाबून बसवली. मग समोर बसली. आमचे गुडघे एकमेकांना टेकले होते. मी हात पुढं केले, तिनं ते फुलीसारखे धरले. तिनं डोकं डावीकडं नेलं आणि डोळे माझ्या कपाळावर राहिले, उजवीकडं नेलं तरी राहिले. इतक्या जवळून मी ते कधी बघितलं नव्हतं, डोकं एकीकडं जातं तेव्हा बुबुळं तेवढीच दुसरीकडं सरकतात, थरथर नाही, झटका नाही, मोजून दिल्यासारखी. पाच झाल्यावर ती थांबली. तोंडाला पाणी सुटलं होतं तिच्या, मला कळत होतं. बाहेर झोक्यावरची कुणीतरी पोरगी जोरानं ओरडली.

"हालली काय?" मी विचारलं.

"जरा हालली," ती म्हणाली, आणि माझे हात न सोडता पुन्हा डावीकडून सुरुवात केली.